जुने खेळ नुसते आठवू नका, उघडून पाहा

मोबाइलवर काढलेले एखादे साधे छायाचित्र साठवायला सुमारे चार मेगाबाइट जागा लागते. आता दुसरी एक संख्या पाहा. १९८५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने बाजारात आणलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये मावत होता. त्याचे बत्तीस टप्पे, संगीत, शत्रू, ढग, झुडपे, सारे काही त्यातच आले. म्हणजे तुमच्या एका छायाचित्राच्या जागेत असे शंभर मारिओ सुखाने राहतील! आजच्या काही मोठ्या खेळांना १०० गिगाबाइटहून अधिक जागा लागते. भागाकार करून पाहा. उत्तर पंचवीस लाखांच्या घरात येईल.

तुमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी हा मारिओ खेळलेला असेल. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे दूरचित्रवाणी संचाला जोडायची खेळयंत्रे मिळू लागली. त्यांतली पुष्कळशी निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला होत्या. त्यांच्या 'कॅसेट'वर '९९९९ इन १' असे ठळक छापलेले असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा येत. त्या पिढीला आज या खेळांची फार आठवण येते. 'आमच्या वेळचे खेळच खरे' हे वाक्य तुम्ही घरी ऐकलेही असेल.

ही हळहळ आता एक बाजारपेठही झाली आहे. २०१६ साली निन्टेन्डोने आपल्या जुन्या यंत्राची तळहातावर मावेल एवढी प्रतिकृती, आत तीस खेळ भरून, विकायला काढली आणि लोकांनी तिच्यावर उड्या टाकल्या.

दुसरीकडे अनेक शिक्षकांचे आणि पालकांचे मत असे, की व्हिडिओ खेळ म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. जुना काय आणि नवा काय! मला या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. जुना खेळ हा संगणकशास्त्राचा एक उत्तम पाठ आहे. पण हा पाठ शिकायचा, तर खेळ उघडून आतले काम पाहिले पाहिजे. शिवाय हे काम लवकर केले पाहिजे. कारण हे खेळ झपाट्याने नाहीसे होत आहेत.

टंचाईतून सुचलेल्या युक्त्या

१९७८ साली जपानच्या टायटो कंपनीतील तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. पडद्यावर पाच रांगांत अकरा अकरा, असे ५५ परग्रहवासी डावीउजवीकडे सरकत खाली उतरतात आणि आपण खालून तोफ डागायची. शत्रू जसजसे कमी होतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो, आणि शेवटचा तर अक्षरशः धावत सुटतो. असे का व्हावे?

त्या यंत्रातील इंटेल ८०८० या मायक्रोप्रोसेसरला सगळे ५५ शत्रू एकाच वेळी हलवणे झेपत नव्हते. म्हणून पडद्यावरचे चित्र एकदा बदलले, की एकच शत्रू एक पाऊल पुढे सरकवायचा, अशी रचना होती. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. म्हणजे ५५ शत्रूंचे एक एक पाऊल पुरे व्हायला ५५/६०, म्हणजे जवळजवळ एक सेकंद लागतो. तीस शत्रू उरले, की अर्धा सेकंद. एकच उरला, की तो सेकंदाला साठ पावले टाकणार! वेग वाढवण्यासाठी वेगळी आज्ञा लिहावीच लागली नाही. यंत्राच्या मर्यादेतून खेळाला आपोआप रंगत आली आणि निशिकादोंनी ती ओळखून तशीच ठेवली.

मारिओतील ढग आणि झुडपे पुन्हा नीट पाहा. दोन्हींचा आकार एकच आहे. ढग पांढरा, झुडूप हिरवे, एवढाच फरक. एकच चित्र साठवायचे आणि रंग बदलून दोनदा वापरायचे. कोट्यवधी मुलांनी हा खेळ खेळला, पण ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानात आली.

तिसरे उदाहरण माझ्या विशेष आवडीचे आहे. १९८४ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या संगणकासाठी 'एलिट' नावाचा अंतराळ व्यापाराचा खेळ लिहिला. (केंद्र सरकारच्या, त्याच सुमारास सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात आपल्या देशातील निवडक शाळांना हाच संगणक मिळाला होता.) या संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट, आणि खेळात आठ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २०४८ ग्रह! प्रत्येकाचे नाव, जागा, राज्यपद्धती, व्यापार सारे निराळे. एवढी माहिती ठेवली कुठे?

ती ठेवलीच नव्हती. ठेवला होता फक्त नियम. कागद घ्या आणि २, ५, ७ हे तीन अंक लिहा. शेवटच्या तीन अंकांची बेरीज करा आणि बेरजेतला फक्त एकक स्थानचा अंक पुढे लिहा. २ + ५ + ७ = १४, म्हणून ४. मग ५ + ७ + ४ = १६, म्हणून ६. असे करत गेलात, की २, ५, ७, ४, ६, ७, ७, ० अशी मालिका मिळेल. पाहणाऱ्याला ती कशीही लिहिल्यासारखी वाटेल. पण त्याच तीन अंकांपासून सुरुवात केली, तर दर वेळी नेमकी तीच मिळेल. 'एलिट'मध्ये हेच केले आहे, फक्त अंकांऐवजी मोठ्या संख्या घेऊन. सुरुवातीच्या तीन संख्यांतून सारे विश्व उगवते. पाढा पाठ करण्याऐवजी पाढा तयार करण्याची रीत लक्षात ठेवावी, तसाच हा प्रकार.

चुकाही शिकवतात

१९८० साली आलेला 'पॅकमॅन' तुम्हाला ठाऊक असेल. त्याचे टप्पे संपतच नाहीत, अशी त्याच्या निर्मात्यांची समजूत होती. पण २५६ व्या टप्प्यावर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे आणि चिन्हे यांच्या गोंधळाने भरून जातो आणि पुढे जाता येत नाही. कारण सोपे आहे. टप्पे मोजण्यासाठी आठ बिटांची जागा ठेवली होती. आठ बिटांत ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. २५५ मध्ये १ मिळवला, की मोटारीतल्या अंतरमापकाप्रमाणे आकडा पुन्हा शून्यावर येतो आणि पुढचा सारा हिशेब चुकतो.

हे हसण्यावारी नेऊ नका. ४ जून १९९६ रोजी युरोपचे 'आरियान ५' हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, एक मिनिट पुरे होण्याच्या आत नष्ट झाले. त्याच्या संगणकातील एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही, हे त्याचे मूळ कारण होते. पॅकमॅनच्या पडद्यावरील गोंधळाचा हा सख्खा भाऊच. फरक एवढाच, की खेळातली चूक समजून घ्यायला काही खर्च येत नाही.

अशा चुका शोधण्याचे काम आजही चालू आहे. निन्टेन्डोचा १९८९ सालचा 'टेट्रिस' २९ व्या पातळीपुढे माणसाला खेळता येणार नाही, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारली आणि यंत्रच गोठून बंद पडले. खेळाडूंच्या या छंदामागे अभ्यास होता. आज्ञावली कोणत्या पातळीवर कोलमडू शकेल, हे त्यांच्यातील जाणकारांनी तिचा उलगडा करून आधीच मांडून ठेवले होते.

सारेच जुने सोने नव्हे

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सारेच जुने खेळ थोर होते असे नाही. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरील पुष्कळ खेळ अवघड ठेवलेले असत. खेळाडू लवकर हरला, तरच दुसरे नाणे पडणार ना! काही खेळ तर घाईघाईने उरकलेले होते. १९८२ सालचा अटारी कंपनीचा 'ई. टी.' हा खेळ अवघ्या पाच आठवड्यांच्या सुमारास लिहून घेण्यात आला. तो लोकांना रुचला नाही आणि १९८३ मध्ये न खपलेल्या कॅसेटचे ढिगारे न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलमोगोर्डो येथे जमिनीत पुरावे लागले. २०१४ साली तेथे उत्खनन झाले आणि त्यांतली एक कॅसेट अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात पोहोचली. मला हे योग्य वाटते. फसलेला प्रयोगही प्रयोगवहीतून फाडून टाकायचा नसतो, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकलाच आहात.

आठवणीची नेमकी हीच उणीव आहे. ती गाजलेल्या चारदोघांनाच जपते. त्या छोट्या प्रतिकृतीत तीस खेळांना जागा मिळाली. उरलेल्या शेकडोंचे काय? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे दिसले, की २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळेनासे झाले आहेत.

आपल्याकडची गोष्टही वेगळी नाही. १९९९ साली मुंबईत सुरू झालेल्या 'इंडियागेम्स'सारख्या कंपन्यांनी बटणांच्या मोबाइलसाठी खेळ तयार केले. ते मोबाइल भंगारात गेले. त्यांच्याबरोबर आपल्याच माणसांनी केलेले काम दिसेनासे होत आहे आणि त्याची फारशी कोणाला खंतही नाही.

खेळ नाहीसा कसा होतो? पुस्तक शंभर वर्षे कपाटात टिकते. फ्लॉपीवरचे चुंबकीकरण मात्र काही दशकांतच क्षीण होते. १९९३ पासून कॅपकॉम कंपनीने वापरलेल्या एका प्रकारच्या यंत्रांत खेळ उलगडण्याची गुप्त किल्ली बॅटरीच्या जोरावर स्मृतीत टिकवलेली असे. बॅटरी संपली, की किल्ली पुसली जाई आणि चालते यंत्र मुके होई. पुढे हौशी तंत्रज्ञांनी ती जिवंत करण्याचे मार्ग शोधले, म्हणून ती वाचली.

दुसरी अडचण कायद्याची. आपल्या कायद्यात संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते आणि साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. निर्मात्याला त्याच्या श्रमाचे मोल मिळाले पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण फ्लॉपीचे आयुष्य वीसतीस वर्षांचे आणि हक्काचे आयुष्य शंभर वर्षांच्या आसपासचे, हा हिशेब जुळत नाही. हक्क संपेपर्यंत जपण्यासारखे काही उरणारच नाही. जतन केलेले खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने पाहू देण्याची मुभा अमेरिकेतील ग्रंथालयांनी मागितली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. माझ्या मते हा निर्णय चुकीचा आहे. अभ्यासासाठी जतन करणाऱ्या ग्रंथालयाला आणि खेळ चोरून विकणाऱ्याला कायद्याने एकाच मापाने मोजू नये.

जपणूक करता येते, हेही सिद्ध झाले आहे. इम्युलेटर ही एक अशी आज्ञावली असते, की जी नव्या संगणकाला जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करायला लावते. जुन्या खेळाला आपण मूळ यंत्रातच आहोत असे वाटते. १९९७ पासून चालू असलेल्या 'मेम' या प्रकल्पात जगभरचे स्वयंसेवक हजारो यंत्रांची अशी नोंद करत आले आहेत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या १९८९ सालच्या खेळाच्या मूळ आज्ञावलीच्या फ्लॉपी २०१२ साली त्याचे लेखक जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांना जुन्या सामानात सापडल्या. जाणकारांच्या मदतीने त्या वाचण्यात आल्या आणि मेकनर यांनी ती आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. आज कोणीही विद्यार्थी ती वाचू शकतो.

तुम्ही काय करू शकाल?

पहिली गोष्ट, घरच्या माळ्यावर जुनी कॅसेट, फ्लॉपी किंवा बटणांचा मोबाइल पडला असेल, तर तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी थांबा. त्यावर काय लिहिले आहे, तो कोणी, केव्हा आणि कोठे घेतला, काय खेळत असत, हे मोठ्या माणसांना विचारून वहीत टिपून ठेवा. अशी नोंद हाही इतिहासाचा पुरावाच आहे.

दुसरी गोष्ट, संगणकाच्या तासाला एक प्रयोग करा. दुसऱ्याचा खेळ परवानगीवाचून उतरवून घेण्याची गरज नाही, कारण हक्क असतो तो लिहिलेल्या आज्ञावलीवर आणि काढलेल्या चित्रांवर. नुसत्या कल्पनेवर नसतो. स्क्रॅच किंवा पायथन वापरून पडद्यावर ५५ चौकोन मांडा. दर वेळी एकच चौकोन सरकवा आणि सगळ्यांचे एक पाऊल व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. मग चौकोन कमी करत जा आणि उरलेले चौकोन व लागलेला वेळ यांचा आलेख काढा. कोणत्या आकाराची रेषा मिळेल, याचा अंदाज आधी वहीत लिहून ठेवा.

शिक्षकांना एकच विनंती आहे. वर्षातून एखादा तास या प्रयोगासाठी द्यावा. खेळ तीन तास खेळत बसणे आणि तो अर्धा तास उघडून पाहणे, यांत मोठे अंतर आहे. ते विद्यार्थ्यांना एकदा दाखवून दिले, तर त्यांच्यापैकी काही जण स्वतःहून पुढची पायरी चढतील.