पिंपाच्या मापाचे स्टेशन

राणी व्हिक्टोरियाच्या काळातील इमारत म्हटली की टोकदार कमानी, मनोरे आणि नक्षीकाम डोळ्यांसमोर येते. पण या इमारतींचे रूप केवळ वास्तुशिल्पकाराच्या कागदावर ठरत नसे. माल कोणता मिळतो, त्यावर कर किती आणि तो आणणार कसा, यावरही ते अवलंबून असे. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा आणि १८५० साली विटांवरचा कर रद्द झाला. रेल्वेमुळे जड माल दूरवर नेणेही सोपे झाले.

लंडनचे सेंट पँक्रस स्टेशन हे याचे उत्तम उदाहरण. इथे येणारे रूळ एका कालव्यावरून आणावे लागले, त्यामुळे फलाट रस्त्यापेक्षा बरेच उंच झाले. खालची जागा भराव घालून बुजवण्याऐवजी अभियंता विल्यम बार्लो यांनी तिथे तळघर केले. बर्टन गावाहून रेल्वेने येणारी बिअरची पिंपे तिथे ठेवायची होती. म्हणून तळघरातील लोखंडी खांबांमधले अंतर चक्क पिंपांच्या मापाने आखले गेले! या खांबांवरच्या तुळयांनी छताच्या कमानीचे पायही घट्ट बांधून ठेवले. त्यामुळे १८६८ साली २४० फूट रुंदीचे छत मध्ये एकही खांब न घेता उभे राहिले.

स्टेशनला लागून असलेले हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. त्याच्या लाल विटा नॉटिंगहॅमच्या. मुंबईचा राजाबाई टॉवरही याच स्कॉट यांचा. ते स्वतः भारतात कधी आले नाहीत, आले ते त्यांचे आराखडे. १८७८ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्याला कुर्ल्याचा पिवळसर दगड लागला. रचनाकार एकच, पण लंडनची वास्तू लालभडक आणि मुंबईची पिवळसर!

पुढे काळ बदलला. १९३५ साली सेंट पँक्रसचे हॉटेल बंद पडले आणि १९६०च्या दशकात स्टेशन पाडण्याचा घाट घातला गेला. कवी जॉन बेट्जमन यांच्यासारख्यांनी आवाज उठवला आणि १९६७ साली वास्तूला सर्वोच्च दर्जाचे संरक्षण मिळाले. २००७ पासून तिथून पॅरिसच्या गाड्या सुटू लागल्या. पिंपांसाठी बांधलेल्या तळघरात आता दुकाने आहेत आणि प्रवाशांची वर्दळ असते. जुने ते निरुपयोगी ठरवण्याची घाई झाली असती, तर हे सारे ढिगाऱ्यात गेले असते.