शेवटचा इशारा : ब्रेकर आत्ताच बंद करा

गाळा क्रमांक ३ आणि ४ चे मालक, त्यांचा कंत्राटदार आणि इमारतीतले सगळे सभासद, नीट वाचा. ही विनंती नाही. विनंत्या करून झाल्या. त्या ब्रेकरच्या आवाजात कुणाला ऐकूच गेल्या नाहीत.

दोन गाळ्यांचा एक करायचा म्हणून मधला पिलर फोडायला घेतला आहे. काँक्रीट छिलून रिंगा उघड्या पडल्यात. विचारलं तर उत्तर मिळालं, "एकच तर पिलर आहे, बाकीचे आहेत ना!" पिलर गेला की बीमच्या दोन आधारांमधलं अंतर दुप्पट होतं आणि बीमला वाकवणारा जोर साधारण चौपट. शिवाय पिलरच्या माथ्यावर बीमची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, कारण ताण तिथेच येतो. आधार काढलात की ताण खालच्या अंगाला येणार, आणि तिथे तेवढी सळई कुणी घातलेलीच नाही. घाटकोपरची साईसिद्धी आठवते ना? २५ जुलै २०१७. तळमजल्यावर फेरबदल चालू होते, चार मजले वर होते. १७ माणसं गेली आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला.

"इंजिनिअर दीडपट धरूनच चालतात," हेही ऐकवून झालं. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या मानकातलं ते दीडपट भाराच्या अंदाजातल्या चुकीसाठी असतं, तुमच्या शोरूमच्या हौसेसाठी नव्हे. आणि या इमारतीच्या सळयांना चढलेल्या गंजाने त्यातलं किती खाल्लं, ते आधी मोजा.

वरच्या मजल्यांनी हसू नये. राहत्या घराच्या स्लॅबवर वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो धरलेला असतो. हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाची, आणि ती उभी असते जेमतेम एका चौरस मीटरवर. जुन्या लाद्या न काढता वर दोन इंच कोबा ओतलात की चौरस मीटरला शंभर किलो कायमचे वाढले.

ब्रेकर या क्षणापासून बंद. उद्या दुपारी १२ च्या आत त्या पिलरच्या दोन्ही अंगांच्या बीमखाली लोखंडी टेकू लागले पाहिजेत, सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरसमोर आणि गाळेमालकांच्या खर्चाने. शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत महापालिकेची परवानगी आणि मंजूर नकाशा दाखवा. नाही दाखवलात तर शनिवारी सकाळी वॉर्ड ऑफिसात महापालिका कायद्याच्या कलम ३५४-अ खाली काम थांबवण्याचा अर्ज जाईल आणि पोलिसांत तक्रार. मग मध्यस्थीला कुणी नगरसेवकाला आणू नये. गच्चीवरच्या जादा टाक्या रविवारी रिकाम्या करा. नाहीतर सोमवारी वॉचमन कॉक उघडेल.

टेकू लागेपर्यंत गाळ्यांच्या वर राहणाऱ्यांनी रात्री सावध राहावं. दार अचानक चौकटीत अडकू लागलं, नवा तडा दिसला किंवा गिलावा झडू लागला, तर सामान आवरत बसू नका. लिफ्ट नको, जिन्याने उतरा, आवारापासून लांब जा आणि मग फोन करा.