सत्कारानंतरचे छत्तीस तास

नीटचा निकाल लागला की आपल्याकडे मोहल्ल्यामोहल्ल्यात गुणगौरव सोहळे होतात. माझ्या खालाच्या मुलीचाही झाला होता. आज ती एका सरकारी रुग्णालयात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात रात्री दोनला तिचा फोन आला, "भाईजान, छत्तीस तास झाले. सलाइन लावताना हात थरथरतोय." खालाला सांगितलं तर म्हणाली, "सब्र कर म्हणावं, तीनच वर्षं आहेत."

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑन-कॉल ड्युटी आम्हालाही असते, पण रात्रभर जागलेल्या माणसाला आमची टीम सकाळी चालू सिस्टिमला हात लावू देत नाही. तिथे फार तर एखादं अ‍ॅप बंद पडेल. इथे समोर बाळंतीण असते.

नियम नाहीत असंही नाही. केंद्राच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपुढे जाऊ नये असं म्हटलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या नियमांत आकडाच नाही, फक्त 'वाजवी' तास. आयोगाच्याच कृतीदलाने २०२४ मध्ये आठवड्याला कमाल ७४ तास सुचवले. (७४! आणि ही सुधारणा म्हणायची.) त्याच कृतीदलाच्या पाहणीत पदव्युत्तरच्या सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार मनात येतात असं नोंदवलं. मधेच जागा सोडावी तर अनेक राज्यांत लाखोंचा बाँड.

थकवा सगळ्यांना सारखा नसतो. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तडवी भिल्ल, मुस्लिम, स्त्रीरोगशास्त्राची विद्यार्थिनी. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आपल्या सत्कार समित्यांपैकी किती जण या दोन आयांसोबत उभे राहिले?

सब्र ही इबादत आहे, मान्य. पण अधिष्ठात्याने ड्युटीचा तक्ता नीट लावला नाही, याचं उत्तर मुलीच्या सब्रमध्ये शोधायचं नसतं. ट्रॉफी देणाऱ्या समित्यांनी सहा महिन्यांनी त्या मुलांना एक फोन करावा: झोपलीस किती तास, वरिष्ठ कसे बोलतात? उत्तर वाईट आलं तर पालकांना घेऊन अधिष्ठात्यांकडे जावं, महिन्याभराचे तक्ते मागावेत. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर ट्रॉफीसोबतच द्यावा. खालाला मी तो लिहून दिलाय. पुढच्या आठवड्यात ती आणि मी कॉलेजला जाणार आहोत.