कालवाचे पहिले दोन दिवस

मा. संचालक,
राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, दोना पावला, गोवा



मी वेंगुर्ल्याकडची. अमावास्येच्या सुकतीला खडक उघडे पडले की आमच्याकडच्या बायका कालवं काढायला उतरतात. टोकदार लोखंडाने वरची शिंपली उचकटायची, आतला मऊ गोळा वाटीत टाकायचा. खालची शिंपली खडकालाच चिकटून राहते. काही महिन्यांनी बघावं तर त्याच जुन्या शिंपलीवर तांदळाच्या दाण्याएवढं नवं कालव बसलेलं असतं. ते तिथवर पोहोचतं कसं, हा प्रश्न मला अलीकडेच पडला आणि तेव्हापासून तो मनातून जात नाही.

खडकावर बसण्याआधी, पाण्यात असतानाच, अंड्यातून निघालेल्या कालवाच्या पिल्लाला पहिली शिंपली साधारण दोन दिवसांत बांधावी लागते. तोवर त्याला खाता येत नाही. अंड्यातून मिळालेली शिदोरी तेवढी हाताशी. समुद्रात कार्बन डायऑक्साइड जितका जास्त विरघळेल, तितकं शिंपलीला लागणारं कार्बोनेट कमी पडतं आणि तीच शिंपली बांधायला जास्त ताकद खर्ची पडते. शिदोरी आधी संपली तर पिल्लू मरतं. कारखानदारी सुरू झाल्यापासून याच वायूमुळे समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (pH) सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला आहे. आकडा क्षुल्लक दिसतो, पण आम्लता त्यामुळे जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढली.

अमेरिकेत ओरेगनच्या नेटार्ट्स खाडीवर व्हिस्की क्रीक नावाचं कालवबीज केंद्र आहे. 2007 च्या सुमारास तिथली पिल्लं हौदच्या हौद मरू लागली. आधी जिवाणूंवर संशय गेला. पाणी तपासल्यावर कळलं की वाऱ्यामुळे खोल समुद्रातलं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येऊन खाडीत शिरत होतं. मग ते लोक सतत पाणी मोजू लागले आणि हौदात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, घालू लागले. केंद्र वाचलं. पण खडकावरच्या कालवासाठी समुद्रात सोडा कोण टाकणार?

त्याला स्वतःच जुळवून घ्यावं लागेल, आणि काही प्रमाणात ते घेतंही. ऑस्ट्रेलियात सिडनी रॉक कालवाच्या आईबापांना अंडी धरण्याच्या काळात जास्त आम्ल पाण्यात ठेवलं, तर त्यांची पिल्लं तशा पाण्यात मोठी आणि झपाट्याने वाढणारी निघाली. 2012 मध्ये लॉरा पार्कर आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं तेव्हा मोठा दिलासा वाटला असणार. मात्र त्याच संशोधकांना पुढे 2017 मध्ये उलटंच दिसलं. आम्लतेच्या जोडीला तापमान वाढलं, खारटपणा आणि अन्न कमी झालं, की आईबापांकडून आलेला तोच वारसा पिल्लांना मारक ठरला.

मी थबकले ती इथे. आमच्या खडकांवरचं कालव त्या सिडनीच्या कालवाचं चुलत भावंड. आणि आमच्या खाडीत पावसाळ्यात काय होतं? ओढ्या-नद्यांचं गोडं पाणी येऊन खारटपणा उतरतो. त्याच महिन्यांत आपल्या किनाऱ्यालगत तळातलं, प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेलं पाणी वर सरकतं. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात वेगवेगळे ताण मुद्दाम एकत्र आणावे लागले. आमच्याकडे त्यांतले दोन तरी दर वर्षी आपसूक एकत्र येतात.

आपल्या संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षं पाणी मोजलं आहे. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तशीच सलग मोजणी सिंधुदुर्गातल्या खाड्यांच्या तोंडाशी, कालवांची पिल्लं पाण्यात असतात त्या आठवड्यांत, व्हावी. प्रयोगासाठी कालवं आमच्याच खडकांवरची घ्यावीत. त्यांच्यातली कोणती तगतात हे कळेपर्यंत जुन्या कालवांचे काही खडक हात न लावता राखावेत. काढणाऱ्या बायकांना विचारून, त्यांच्या पोटाची सोय बघून. आणि जे आकडे निघतील ते आमच्या भाषेत आमच्यापर्यंत यावेत.

पाण्याचे नमुने कसे घ्यायचे ते आम्हाला शिकवा. भरती-सुकतीचं वेळापत्रक पाठवायची गरज नाही, ते इथे प्रत्येकीला पाठ आहे.

आपली,
खाडीकाठची एक रहिवासी