फादर जेवतात कोणाबरोबर?

वसईत फादरांबद्दल तक्रारींना तोटा नाही. मिस्सा लांबली, प्रवचन रटाळ झालं, सणाचा हिशोब जुळला नाही. मग बिशपांकडे शिष्टमंडळ आणि बदलीची मागणी! पण रात्री हा माणूस जेवतो कोणाबरोबर, हे कुणी विचारत नाही.

जेज्वीट वगैरे संघांचे फादर एकत्र राहतात, त्यांच्या नियमातच ते आहे. आपल्या चर्चमधले बहुतेक फादर धर्मप्रांताचे, त्यांना तसं बंधन नाही. तरी व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच सांगितलंय: एकत्र राहा, ते नाही तर एकत्र जेवा, निदान वरचेवर भेटा. १९८३ च्या कायद्यात कलम २८० तेच म्हणतं. पण शिफारस म्हणून, सक्ती नाही. घोडं अडतं ते इथे.

सांडोर, गिरीज, भुईगाव, नंदाखाल. बाइकवर कितीसा वेळ लागतो? आठवड्यातून एक रात्र या फादरांनी एका टेबलावर बसायला काय हरकत आहे? बिशपांकडची सभा वेगळी. तिथे अजेंडा असतो, मन मोकळं होत नाही. एका फादरची अडचण दुसऱ्या फादरलाच कळते, आपल्याला नाही.

अडथळा बऱ्याचदा आपणच असतो. संध्याकाळी घराचा आशीर्वाद, बांधकाम समिती, साखरपुडा, आणि फादर आले नाहीत तर रुसवा. सोमवारची संध्याकाळ सोडा ना त्यांना! पुढच्या पॅरिश कौन्सिलमध्ये हा विषय मांडणारं कुणी आहे का? कमेंटमध्ये आपल्या चर्चचं नाव लिहा.