‘कुंकू’ एकट्या शांतारामांचा नाही

भोपाळात शाहपुऱ्याच्या तलावाजवळ आमच्या घरी परवा चार मराठी कुटुंबांनी मिळून व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘कुंकू’ पाहिला. शेजारची हिंदी मंडळीही आली होती. त्यांना तो ‘दुनिया न माने’ म्हणून ठाऊक. नंतर चहा घेताना एक काका ठामपणे म्हणाले, “सिनेमा शांतारामबापूंचा. लेखकानं काय, फक्त गोष्ट दिली.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे मत साफ अमान्य आहे.

आधी ‘फक्त गोष्ट’ हा शब्दप्रयोग तपासू. नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी १९२३ची, चित्रपट १९३७चा. म्हणजे जरठविवाहाचा हा विषय आपट्यांनी चौदा वर्षे आधी कागदावर आणला होता. शिवाय कादंबरी प्रभात फिल्म कंपनीच्या हवाली करून ते बाजूला झाले नाहीत. पटकथाही त्यांचीच.

दुसरा आक्षेप असा, की ‘कुंकू’ची ताकद कॅमेऱ्यात आहे. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा लंबक ही दिग्दर्शकाची नजर, हे मी आनंदाने मान्य करतो. पण या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. प्रसंगात जे वाजते तेवढेच ऐकू येते. प्रेक्षकाला गलबलून टाकायला व्हायोलिन नसते, तेव्हा सारा भार प्रसंगाच्या बांधणीवर आणि संवादांवर येतो. नायिका नीरा म्हाताऱ्या काकासाहेबांना नवरा मानायला नकार देते, तिथे मटार सोलणारे माझ्या आईचे हात थांबले. ते थांबवणाऱ्यांत लेखकही होता.

तिसरा आक्षेप: आपटे बोधवादी, त्यांना कला कुठली? निव्वळ उपदेशकाने काकासाहेबांना खलनायक करून मोकळे केले असते. इथे त्या माणसाला स्वतःची चूक उमगते, आणि ती भूमिका करणारे केशवराव दाते ती उमज चेहऱ्यावर आणू शकतात, कारण ती आधी लिहिलेली आहे. आपट्यांच्याच ‘भाग्यश्री’वरून १९३४मध्ये ‘अमृतमंथन’ निघाला. तिथे बळी बंद करणारा राजा आणि त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू. इथे रूढीने बांधलेली, तरी न वाकणारी मुलगी. धर्माच्या आणि रूढीच्या नावाने झालेला अन्याय हा अन्यायच, हे सूत्र दोन्ही चित्रपटांतून वाहते. हा बोध असेल, तर मराठी चित्रपटाने तो अभिमानाने मिरवावा.

अमेरिकेत १९२९च्या पहिल्याच ऑस्कर समारंभात लेखनाला पारितोषिके होती. आपल्याकडे मात्र १८८९मध्ये समडोळीला जन्मलेला आणि १९७१मध्ये कोरेगावला वारलेला हा पटकथाकार ‘कुंकू’ आवडणाऱ्यांनाही आठवत नाही.

म्हणून एवढेच मागणे आहे. भोपाळात, पुण्यात, कुठेही ‘कुंकू’ दाखवाल, तेव्हा शांतारामांच्या नावाबरोबर नारायण हरी आपटे हे नावही मोठ्याने घ्या.