गुरांच्या वैद्याचा पहिला दिवस

गेल्या महिन्यांत आमचे एक जुने विद्यार्थी आपल्या चिरंजीवांस घेऊन आमच्याकडे आले. मुलास पशुवैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाला होता. परंतु घरांतील वडील मंडळी खट्टू झालेली होती. “एवढे गुण मिळवून शेवटीं गुरांचाच डॉक्टर व्हायचें ना?” हा आजीबाईंचा प्रश्न! मुलानें अभ्यासक्रमाचें पुस्तक आमच्या हातीं दिलें आणि मास्तरकीच्या जुन्या खोडीनें आम्हीं तें अथपासून इतिपर्यंत वाचलें. त्यावरून सुचलेले चार विचार वाचकांपुढें ठेवीत आहों.

ही विद्या आपल्याकडे हलकी कधींच नव्हती. शालिहोत्राचें अश्वशास्त्र आणि पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद यांची नांवें संस्कृतज्ञांस परिचित आहेत. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखांत मनुष्य व पशु या दोघांच्याहि चिकित्सेचा उल्लेख आहे. युरोपांत या विद्येची पहिली शाळा फ्रान्समधील ल्यों येथें १७६१ सालीं निघाली, तर आपल्या मुंबईंतील महाविद्यालय १८८६ चें.

हल्लीं हा अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय दर्जाचा करावा असें म्हणतात. आमच्या गाईंस परदेशचा मापदंड कशाला, असें कोणी विचारील. त्यास इतिहासच उत्तर देतो. १९२० सालीं हिंदुस्थानांतून ब्राझीलकडे निघालेलीं गुरें बेल्जममधील अँटवर्प बंदरांत उतरलीं आणि त्यांच्याबरोबर आलेली बुळकांडी त्या देशांत पसरली. त्या धड्यांतूनच १९२४ सालीं पॅरिस येथें अठ्ठावीस राष्ट्रांनीं पशुरोगांविषयींची संस्था स्थापिली; तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. पुढें राष्ट्रांनीं एकजुटीनें यत्न केला आणि २०११ सालीं बुळकांडी जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. रोगास सरहद्द ठाऊक नसते. मग वैद्याच्या शिक्षणानें ती कां पाळावी?

याच संघटनेनें २०१२ सालीं एक यादी प्रसिद्ध केली. तींत पदवीधरास पहिल्या दिवशीं काय करतां आलें पाहिजे तें सांगितलें आहे. साथीचा माग काढणें, जनावरांपासून माणसांस होणारे रोग ओळखणें, दुधामांसाच्या निर्दोषतेवर लक्ष ठेवणें, कायदा जाणणें, इतकेंच नव्हे तर मालकाशीं नीट बोलणें, हें सारें तींत आहे. दुसऱ्या वर्षीं नमुन्याचा अभ्यासक्रमहि निघाला. आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनीं साडेचार वर्षांच्या शिक्षणानंतर पूर्ण एक वर्षाची उमेदवारी आवश्यक केली. आमच्या मतें सर्व सुधारणेचें मर्म या एका वर्षांत आहे.

असें कां म्हणतों तें सांगतों. बऱ्याच वर्षांपूर्वीं शेजाऱ्यांची गाय रात्रीं अडली. नुकतेच परीक्षा उत्तीर्ण झालेले एक तरुण डॉक्टर धांवत आले. वासरूं आडवें आलें आहे हें त्यांनीं तत्काळ ओळखलें. पुस्तकांतील उपायहि बिनचूक सांगितला. पण हात घालण्याची वेळ येतांच ते थबकले. “असें कधीं केलें नाहीं,” एवढेंच ते म्हणाले. अखेर एका म्हाताऱ्या गवळ्यानें गाय सोडविली. वासरूं गेलें. त्या तरुणाच्या डोळ्यांतील पाणी आम्हांस अजून दिसतें.

त्यांस आम्ही दोष देत नाहीं, कारण तोच अपराध आम्हीं जन्मभर केला. आमचे विद्यार्थी रामशब्द घडाघडा म्हणत, परंतु संस्कृतांत दोन वाक्यें बोला म्हटलें कीं मान खालीं घालीत! पाठ्यपुस्तकें अनेक वेळां बदललीं. आमची शिकविण्याची रीत मात्र बदलली नाहीं. आमच्या चुकीनें फार तर गुण गेले असतील. वैद्याच्या चुकीनें जीव जातो.

म्हणून त्या मुलास आम्हीं एवढेंच सांगितलें: “बाळ, उमेदवारीचें वर्ष सहीशिक्क्यांत घालवूं नकोस. रोज गोठ्यांत जा आणि जाणत्याच्या देखत स्वतः हात घाल.” आणि आजीबाईंस म्हणालों, “आपल्या नातवंडांच्या पेल्यांतलें दूध निर्धोक असावें, कुत्रें चावल्याची धास्ती घराघरांतून जावी, हें काम कोणाचें? याच गुरांच्या डॉक्टरचें.”

आजीबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग नातवाकडे वळून म्हणाल्या, “जा; पण आधीं हात धुवायला शीक!” अभ्यासक्रमाचा पहिला धडा त्यांनींच दिला, असें आम्ही समजतों.